मदत हवी आहे: उद्दिष्टं "मोजता येत नाहीत" म्हणून पाठटाचण परत आलं, सोमवारपर्यंत काय लिहू?

कृष्णाकाठ
टाचण दुसऱ्यांदा परत आलंय. शेरा दोन्ही वेळा एकच: "उद्दिष्टे मोजता येण्याजोगी नाहीत." सोमवारी गटनिदेशक पाठ बघायला बसणार आहेत. मी लिहिलेली उद्दिष्टं अशी: १) प्रशिक्षणार्थींना साधनाची माहिती होईल. २) साधनाचा वापर समजेल. ३) अचूकतेचं महत्त्व पटेल.
यात चुकलं काय? क्रियापदांच्या याद्या देऊ नका, त्या बघून झाल्यात. तयार वाक्यं द्या.

वारणाकाठ
कोणतं साधन? कोणता ट्रेड? थिअरीचा तास की वर्कशॉप? मुलं किती? एवढं कळल्याशिवाय तयार वाक्यं कशी देणार?

गुरुजी_तासगाव
सर, टाचणात उद्दिष्ट आणि स्पष्टीकरण असे दोन रकाने पाडा. ज्ञान या उद्दिष्टासमोर "आठवून सांगतो, ओळखतो". आकलनासमोर "फरक स्पष्ट करतो, कारण सांगतो". उपयोजनासमोर "नव्या उदाहरणात वापरतो", कौशल्यासमोर "आकृती काढतो, नावे देतो". मग प्रास्ताविक, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं), विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. हेतुकथन एका वाक्यात करा आणि फळ्यावर शीर्षक त्यानंतरच लिहा. फलकलेखनाचा आराखडा टाचणातच शेवटी काढून ठेवा, निरीक्षक तो आधी बघतात.

फाईल_आणि_व्हाइस
गुरुजी, हे शाळेच्या तासिकेला ठीक आहे. "निदेशक" म्हणजे हे आयटीआयचं काम दिसतंय. तिथं तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी असे चार टप्पे चालतात, आणि प्रात्यक्षिकाचं डेमो-टाचण वेगळं लिहावं लागतं. थिअरीची उद्दिष्टं त्यात उतरवून चालत नाहीत.

कृष्णाकाठ
आयटीआयच. गटनिदेशक म्हटल्यावर आणखी काय सांगायचं? फिटर, पहिलं वर्ष. साधन व्हर्नियर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं; मुख्य पट्टी आणि तिच्यावर सरकणारी व्हर्नियर पट्टी). एक तास थिअरी आणि लगेच दोन तास प्रात्यक्षिक. आता द्या वाक्यं.

वारणाकाठ
अजून चार गोष्टी लागतील. लीस्ट काउंट (साधनावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) किती? नग किती? बॅच किती जणांची? आणि बाहेरचं माप, आतलं माप, खोली यातलं काय काय शिकवणार?

कृष्णाकाठ
०.०२ मिमी. पाच नग, त्यातला एक खराब. मुलं वीस. तिन्ही मापं घेणार, अभ्यासक्रमात आहेत.

वारणाकाठ
मग ऐका. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले, ते अजून कामाला येतात: शिकणारा काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती बरोबर आलं की पुरे. तुमच्या तिन्ही वाक्यांत पहिलाच भाग नाही. "समजेल" हे तुम्हाला दिसत नाही, "वाचून लिहील" हे दिसतं. शेऱ्याचा अर्थ एवढाच आहे.

थिअरीच्या तासासाठी:
"५० भागांच्या व्हर्नियरचं लीस्ट काउंट प्रशिक्षणार्थी स्वतः काढून दाखवेल." (मुख्य पट्टीचे १ मिमीचे ४९ भाग म्हणजे व्हर्नियरचे ५० भाग. म्हणून व्हर्नियरचा एक भाग ०.९८ मिमी, आणि १ वजा ०.९८ म्हणजे ०.०२.)
"कागदावर काढलेल्या पाच स्थितींपैकी किमान चार वाचून मिमीमध्ये बरोबर लिहील."

प्रात्यक्षिकासाठी:
"झिरो एरर तपासून, खुणा केलेल्या पाच जॉबची बाहेरची मापं घेईल. पाचपैकी किमान चार मापं निदेशकाच्या मापापासून ±०.०२ मिमीच्या आत येतील." (जॉब म्हणजे मोजायचा तुकडा. झिरो एरर म्हणजे जबडे पूर्ण मिटले तरी शून्याला शून्य न लागणं.)

आतलं माप आणि खोली दुसऱ्या दिवशी घ्या. वीस जणांना दोन तासांत तिन्ही नीट करून घेता येत नाहीत. खोलीच्या मापात साधन तिरकं धरलं जातं, आतल्या मापात व्यासाऐवजी जीवा मोजली जाते. त्या चुका वेगळ्या आहेत, त्यांना वेगळा वेळ लागतो. अभ्यासक्रमात एका ओळीत छापलंय म्हणून एका पाठात संपवायला हवं असं नाही.

कुपवाड_टर्नर
०.०२ ची रेघ बघत बसण्यापेक्षा डिजिटल घ्या की. वर्कशॉपमध्ये आता तेच दिसतंय. आकडा समोर येतो, पोरं चुकत नाहीत.

फाईल_आणि_व्हाइस
चुकतात. डिजिटलमध्ये वाचनाची चूक जाते, धरण्याची राहते. जबड्याच्या टोकात पकडलेला जॉब, तिरकी पकड, न काढलेली बर (कडेवरची धातूची खरखरीत कोर), अंगठ्यानं दाबलेली चकती, यातलं काही डिजिटल दुरुस्त करत नाही. चुकीच्या जागी झिरो दाबलं तर सगळी मापं एकसारखी चुकतात आणि कुणाला शंकाही येत नाही. शिवाय उद्दिष्टच स्केल वाचायचं असेल तर डिजिटल देऊन ते तपासणार कसं?

कुपवाड_टर्नर
वाचता आलं पाहिजे हे मान्य. पण ट्रेनी कंपनीत आला की पहिल्या आठवड्यात हातात डिजिटलच येतं, ते टाचणात कुठंतरी येऊ द्या. शेवटची दहा मिनिटं दोन्हींनी एकच जॉब मोजून घ्या.

पुस्तकी_नाही
ब्लूमच्या पायऱ्या (शिकण्याची उद्दिष्टं सोप्याकडून अवघडाकडं लावणाऱ्या) कुणीच सांगितल्या नाहीत. १९५६ ची मूळ मांडणी आणि २००१ ची सुधारित यात फरक आहे. सुधारित मांडणीत स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती असा क्रम आहे. टाचणात सहाही पायऱ्यांचं एकेक उद्दिष्ट असलं की परत येत नाही.

वारणाकाठ
याला माझा विरोध आहे. तीन तासांच्या पाठात सहा पायऱ्या कोंबल्या की "निर्मिती"च्या नावाखाली तक्ता बनवायला लावतात आणि माप घ्यायला वेळ उरत नाही. शिवाय हे हाताचं कौशल्य आहे. ब्लूमची ही यादी बुद्धीच्या कामांची आहे, हाताच्या कौशल्याचं क्षेत्र वेगळं धरतात. दोन-तीन उद्दिष्टं पुरेत, पण प्रत्येकाची चाचणी त्याच पाठात झाली पाहिजे.

पुस्तकी_नाही
सहा नकोत, पण विश्लेषणाचं एक तरी हवं. "चुकलेलं वाचन बघून चूक कुठं झाली ते सांगेल" असं घाला. फिटरला रोज लागणारी गोष्ट आहे.

वारणाकाठ
हे चांगलं आहे, घ्या. त्यासाठी चूक ठरलेलीच आहे. ५० भागांच्या व्हर्नियर पट्टीवर ० ते १० आकडे असतात आणि दर आकड्यामागे पाच रेघा. ३ च्या पुढची दुसरी रेघ जुळली तर ती सतरावी रेघ, म्हणजे ०.३४. मुलं "तीन आणि दोन" म्हणून ०.३२ लिहितात. दुसरी चूक: मुख्य पट्टी व्हर्नियरच्या शून्यापाशी वाचायची असते, ती सरकत्या भागाच्या कडेपाशी वाचतात. हे दोन नमुने फळ्यावर चुकीचे लिहून ठेवा आणि कारण विचारा.

माणदेशी
सीआयटीएसला (आयटीआय निदेशकांच्या प्रशिक्षणाला) या वर्षी प्रवेश कधी सुरू होतात कुणाला माहिती आहे का? फिटर झालाय, एनटीसी (ट्रेडचं राष्ट्रीय प्रमाणपत्र) आहे.

फाईल_आणि_व्हाइस
माणदेशी, वेगळा धागा काढा, इथं हरवून जाईल.
कृष्णाकाठ, "एक खराब" म्हणजे नेमकं काय? जबडा वाकलाय, लॉक स्क्रू नाही, की स्केल पुसट?

कृष्णाकाठ
जबडे पूर्ण मिटले तरी शून्याला शून्य लागत नाही. व्हर्नियरचं शून्य थोडं उजवीकडं राहतं आणि दुसरी रेघ जुळते. म्हणून कपाटात ठेवलाय.

फाईल_आणि_व्हाइस
तो तर सोमवारी सगळ्यात कामाचा नग आहे. शून्य उजवीकडं म्हणजे धन त्रुटी, दुसरी रेघ म्हणजे +०.०४. वाचन २४.३४ आलं तर खरं माप २४.३०. झिरो एरर शिकवायला दुसरं काय हवं? शून्य नीट लागणाऱ्या व्हर्नियरवर मुलं नुसतं "झिरो एरर नाही" असं पाठ लिहितात.

वारणाकाठ
थांबा, त्याआधी जबडे कापडानं पुसा आणि मिटवून उजेडाकडं धरा. मध्ये कचरा अडकला असेल तर पुसल्यावर त्रुटी जाईल. पाचरीसारखी फट दिसली तर जबडा झिजलाय किंवा वाकलाय. तेव्हा टोकाला एक माप येईल आणि मुळाशी दुसरं, ते वजाबाकीनं दुरुस्त होत नाही. कडा सगळीकडं सारख्या टेकत असतील आणि तरीही दुसरीच रेघ जुळत असेल, तरच +०.०४ धरा.

कृष्णाकाठ
पुसून बघितलं. फट नाही, +०.०४ च येतंय. पण वीस मुलं आणि पाच व्हर्नियर, बाकीची पंधरा काय करणार? गटनिदेशक तेच बघतील.

वारणाकाठ
हा प्रश्न आधी यायला हवा होता, अर्धं नियोजन इथंच आहे. पाच-पाचचे चार गट आणि चार टेबलं करा. सुरुवातीला १० मिनिटं डेमो, मग प्रत्येक टेबलावर २५ मिनिटं याप्रमाणे १००, शेवटी १० मिनिटं पडताळणी. एकूण १२०.
टेबल १: पाच व्हर्नियर, पाच जॉब. तुम्ही इथंच उभे राहा.
टेबल २: कागदावरच्या स्केलच्या स्थिती वाचणं. उत्तरं बंद पाकिटात, गटानं स्वतः तपासायची.
टेबल ३: तेच माप बाहेरचा कॅलिपर आणि स्टील रुलनं घेणं, म्हणजे व्हर्नियर कशासाठी लागतो ते वेगळं सांगावं लागत नाही.
टेबल ४: भागांची आकृती काढून नावं देणं.
पहिलाच गट टेबल १ वर येईल तेव्हा त्यानं टेबल २ केलेलं नसेल. त्यासाठी थिअरीच्या तासात कागदी वाचन झालंच पाहिजे.

जॉबबद्दल महत्त्वाचं: माप कुठं घ्यायचं तिथं मार्करनं रेघ मारा. बार थोडा निमुळता असतो, फाईल केलेला जॉब तर नक्कीच सारखा नसतो. खूण नसेल तर दोन मुलं बरोबर मोजूनही वेगळे आकडे आणतात आणि तुमची उत्तरयादी खोटी पडते. प्रत्येक खुणेवर तुम्ही आदल्या दिवशी तीनदा मोजा. जॉबवर आकडा पंच करा आणि क्रम दर गटाला बदला, नाहीतर दुसऱ्या गटाला पहिल्याची उत्तरं कळतात.

गुरुजी_तासगाव
२५ मिनिटांत प्रत्येकाची पाच मापे होतील का? नवशिक्याला एका मापाला तीन-चार मिनिटे लागतील.

फाईल_आणि_व्हाइस
पाच म्हणजे पंधरा ते वीस मिनिटं. झिरो तपासायला दोन, उरलेली चुका सांगायला. बसतंय. दहा मापं ठेवली असती तर फसलं असतं. आणि पाचव्या, म्हणजे +०.०४ वाल्या नगावर बसलेल्या मुलाची मापं दुरुस्ती करून धरा, म्हणून तक्त्यात "वाचन", "झिरो एरर", "खरं माप" असे तीन रकाने ठेवा.

मिरजकर
मिरजेत तंतुवाद्याच्या दुकानात शिकाऊ मुलाला कुणी उद्दिष्ट लिहून देत नाही. भोपळ्याचं काम, तारांचं काम, बघत बघत वर्षानुवर्षं शिकतात. तुमचं हे कागदी काम जास्त होतंय असं वाटतं.

वारणाकाठ
तिथं एका उस्तादाजवळ दोन-तीन मुलं असतात आणि हातात वर्षं असतात. इथं वीस मुलं आणि दोन तास. तिथंही उस्ताद तार जुळली की नाही ते कानानं तपासतोच, म्हणजे निकष आहे, फक्त लिहिलेला नाही.

कृष्णाकाठ
सुधारून लिहिलं, बघा:
१) ५० भागांच्या व्हर्नियरचं लीस्ट काउंट काढेल. २) कागदावरच्या पाचपैकी चार स्थिती बरोबर वाचेल. ३) झिरो एरर तपासून, धन त्रुटी असल्यास वजा करून, खुणेवर पाच जॉबची बाहेरची मापं घेईल, चार मापं ±०.०२ च्या आत. ४) चुकीच्या वाचनातलं कारण सांगेल. ५) साधनाची काळजी घेण्याची सवय लागेल.
"अचूकतेचं महत्त्व पटेल" काढून टाकलं.

वारणाकाठ
पहिली चार ठीक. पाचवं पुन्हा जुन्या वळणावर गेलं, सवय एका दिवसात दिसत नाही. असं करा: "काम संपल्यावर जबडे पुसून, किंचित उघडे ठेवून, लॉक स्क्रू सैल करून साधन पेटीत ठेवेल." टेबल १ सोडताना प्रत्येकाची पेटी उघडून बघा आणि तक्त्यात बरोबर-चूक खूण करा.

कृष्णाकाठ
जबडे उघडे का?

फाईल_आणि_व्हाइस
मिटवून ठेवले तर दोन्ही कडा एकमेकींवर दाबल्या राहतात, मध्ये ओल अडकून गंज धरतो. पावसाळ्यात तर लगेच. ठेवताना हलकं तेल लावा. डेमोत हे कारणही सांगा, गटनिदेशक विचारतील.

माणदेशी
हेच मायक्रोमीटरसाठी कुणी लिहून देईल का? वेगळा धागा काढतो.