पोर्तो ते सांतियागो पायी यात्रा : मध्यवर्ती मार्ग घ्यावा की किनाऱ्याचा?

प्रश्न (सातारा)

नमस्कार. माझे वय 57 वर्षे आहे. माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर अशी पूर्ण वारी मी तीन वेळा केली आहे. येत्या वसंतात मी आणि माझी धाकटी जाऊ पोर्तुगालमधील पोर्तो शहरातून निघून स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला या संत याकोबाच्या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रापर्यंत पायी जाण्याचा विचार करीत आहोत. अंतर सुमारे 240 किलोमीटर, म्हणजे जवळपास वारीएवढेच आहे. परंतु वारीत सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असते, जेवण पंगतीत मिळते आणि वाट चुकण्याचा प्रश्नच येत नाही. येथे पाठीवर पिशवी घेऊन, परक्या भाषेच्या मुलखात, रोज वीस-बावीस किलोमीटर चालावयाचे आहे.

माझ्या शंका अशा आहेत. पोर्तोहून एक मार्ग गावांमधून आणि डोंगरांतून जातो, तर दुसरा समुद्राच्या कडेने. त्यांपैकी पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी कोणता निवडावा? आम्ही दोघी शाकाहारी आहोत (अंडे चालते), तेव्हा खाण्याची सोय कशी होईल? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आम्ही ख्रिस्ती नसताना यात्रेकरू म्हणून जाणे तिथल्या लोकांना खटकेल का? केवळ सहल म्हणून जाण्याची आमची इच्छा नाही.

उत्तर (ठाणे)

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची तयारी तिच्यावर अवलंबून आहे. मी 61 व्या वर्षी मे महिन्यात पत्नीसह हा मार्ग चाललो आणि बारा दिवसांत आम्हाला आमचा धर्म कोणीही विचारला नाही. पोर्तोच्या कॅथीड्रलमध्ये ‘क्रेदेन्सियाल’ नावाची घडीची पुस्तिका मिळते. मुक्कामाच्या ठिकाणी, चर्चमध्ये, अगदी चहा-कॉफीच्या दुकानातही तिच्यावर शिक्के मारून देतात. किमान 100 किलोमीटर पायी चालून सांतियागोला पोहोचलेल्या यात्रेकरूला तेथील कार्यालय लॅटिन भाषेतील ‘कोंपोस्तेला’ हे प्रमाणपत्र देते. त्यासाठी शेवटच्या 100 किलोमीटरमध्ये रोज किमान दोन शिक्के घेतलेले असावे लागतात. तेथे यात्रेचा हेतू मात्र विचारतात. धार्मिक किंवा आध्यात्मिक हेतू सांगणाऱ्यास कोंपोस्तेला मिळते, अन्य हेतूने चालणाऱ्यांसाठी वेगळे स्वागतपत्र असते. आपण जे लिहिले आहे, ते तिथे जसेच्या तसे सांगितले तरी पुरेसे आहे.

आता मार्गाविषयी. पोर्तो शहरातून मध्यवर्ती मार्गाने बाहेर पडताना पहिला जवळजवळ संपूर्ण दिवस उपनगरांत, कारखान्यांच्या वस्तीत आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंती असलेल्या अरुंद रस्त्यांवर जातो. त्या रस्त्यांना पदपथ नाही आणि मोटारी वेगाने येतात. म्हणून आम्ही बऱ्याच यात्रेकरूंप्रमाणे मतोझिन्युशपर्यंत मेट्रोने गेलो, तिथून पहिला दिवस समुद्राच्या कडेने लाकडी फळ्यांच्या वाटेवरून व्हिला दु कोंद या गावापर्यंत चाललो आणि दुसऱ्या दिवशी आत वळून साव पेद्रु द रातेश येथे मध्यवर्ती मार्गाला लागलो. दोघींनी असेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्र पाहून होतो, पाय सपाटीवर मोकळे होतात आणि ज्या भागासाठी हा मार्ग चालावयाचा, तो बारसेलुश ते सीमेवरचे व्हालेंसा हा भाग चुकत नाही. किनाऱ्याचा मार्ग सुंदर आहेच. पण तिथे अटलांटिकचा वारा बहुधा उत्तरेकडून, म्हणजे समोरून वाहतो आणि दिवसभर तो अंगावर घेऊन चालणे वाटते तितके सोपे नाही.

मध्यवर्ती मार्गावर ज्याची तयारी करावी लागते ती गोष्ट म्हणजे चढ नसून पायाखालचा दगड आहे. उत्तर पोर्तुगालमध्ये गावांतील रस्तेच नव्हे, तर शेतांमधल्या कित्येक गल्ल्याही मुठीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या ग्रॅनाइटच्या ठोकळ्यांनी बांधलेल्या आहेत. ठोकळ्यांचे माथे झिजून गोल झालेले असतात, दोन ठोकळ्यांमध्ये फट असते आणि प्रत्येक पावलाला चवडा वेगळ्या कोनात टेकतो. तासाभरात काहीच जाणवत नाही. चौथ्या तासाला तळव्याच्या मधोमध ठणका सुरू होतो. सह्याद्रीत वापरलेले माझे पातळ तळाचे बूट मी विश्वासाने नेले होते आणि तिसऱ्या दिवशी बारसेलुशला पोहोचलो, तेव्हा दोन्ही चवड्यांवर रुपयाएवढे फोड होते. पत्नीने जाड, मऊ तळाचे साधे चालण्याचे बूट नेले होते. तिला पूर्ण यात्रेत एकही फोड आला नाही. तेव्हा बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक क्रमांक मोठे घ्यावेत, निघण्यापूर्वी दोन महिने तेच वापरावेत आणि जिथे रस्त्याच्या कडेला हातभर मातीची पट्टी असेल, तिथे तिच्यावरून चालावे. पुढे जाणाऱ्या अनुभवी माणसांची वाट त्या मातीत उमटलेली दिसते.

पिशवीचे वजन शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिस्स्यावर जाऊ देऊ नये. दोन कपड्यांचे जोड, पावसाचा कोट, पातळ झोपपिशवी आणि औषधे एवढेच पुरते. गुडघा कुरकुरला, तर पुढच्या मुक्कामापर्यंत पिशवी गाडीने पोहोचवणाऱ्या सेवा या मार्गावर सर्वत्र उपलब्ध आहेत आणि त्यांचा उपयोग करण्यात काहीही कमीपणा नाही.

उत्तर (मडगाव)

खाण्याविषयी आणि भाषेविषयी मी लिहिते, कारण त्या दोन्ही गोष्टी मला तिथे एकमेकींत गुंतलेल्या आढळल्या.

उत्तर पोर्तुगालमध्ये प्रत्येक खाणावळीत ‘काल्दु व्हेर्द’ हे सूप मिळते. बटाटा शिजवून घोटतात आणि त्यात कोबीच्या जातीची गर्द हिरवी पाने केसाइतकी बारीक चिरून घालतात. पोर्तुगीज भाषेत त्या पानांना ‘कोव्ह’ आणि बटाट्याला ‘बताता’ म्हणतात. सोबत येतो तो ‘पाव’. आपला कोबी, बटाटा आणि पाव हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेले आहेत. धर्मशाळेत पोहोचल्यावर किल्लीला ‘शाव्ह’ आणि कपडे धुण्याच्या बादलीला ‘बाल्द’ म्हणतात, हे ऐकून आपल्याला घरचेच शब्द ओळखीचे वाटतात. आम्हा गोंयकारांना तर ‘इग्रेजा’, म्हणजे चर्च, हा शब्द ऐकताच आमची इगर्ज आठवते. हे एवढ्यासाठी सांगते, की परक्या भाषेची जी धास्ती आपण व्यक्त केली आहे, ती दोन दिवसांत कमी होईल.

मात्र त्या सूपच्या वाडग्यात बहुतेक ठिकाणी डुकराच्या मसालेदार सॉसेजची एक चकती टाकलेली असते. ती काढून देतात, पण मूळ रस्साही कधी कधी मांसाबरोबर उकळलेला असतो. म्हणून मागणी करतानाच ‘सें कार्न, सें पेइश’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असे सांगावे आणि ‘सोपा द लेगूमश’, म्हणजे भाज्यांचे सूप मागावे. त्याबरोबर मक्याचा ‘ब्रोआ’ मिळाला तर जरूर घ्यावा. तो जड, किंचित गोडसर असतो आणि मक्याची भाकरी आवडणाऱ्याला नक्की आवडतो. स्पेनमध्ये शिरल्यावर अंडी आणि बटाट्याचा जाड ‘तोर्तिया’ जवळपास सर्वत्र मिळतो, त्यामुळे तिथे अडचण कमी आहे. मे महिन्याच्या अखेरीस पोहोचलात, तर पाद्रोन गावात तेलात तळून वर जाडे मीठ भुरभुरलेल्या लहान हिरव्या मिरच्या खाव्यात. त्यांतल्या बहुतेक सौम्य असतात आणि एखादी मात्र आपल्या लवंगीची आठवण करून देते.

रात्रीच्या जेवणासाठी मी दुकानातून तांदूळ, टोमॅटो आणि डबाबंद चणे घेऊन धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात शिजवत असे. हळद आणि गोडा मसाला यांची छोटी पुडी सोबत असावी. भांडी प्रत्येक ठिकाणी असतीलच असे मात्र गृहीत धरू नये.

उत्तर (लिस्बन)

व्हिसाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शेंगेन व्हिसासाठी (पोर्तुगाल, स्पेन आणि युरोपातील इतर बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहावयाचे, त्या देशाकडे करावा लागतो, आणि दिवस समान असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश होतो त्याच्याकडे. पोर्तोहून निघाल्यास पोर्तुगालमध्ये साधारण सहा दिवस जातात, तर तुई या स्पेनच्या सीमेवरील गावापासून सांतियागोपर्यंत तेवढेच किंवा एखादा दिवस अधिक, शिवाय सांतियागोचा मुक्काम वेगळा. त्यामुळे केवळ यात्राच करावयाची असेल, तर अर्ज स्पेनकडे करावा लागण्याची शक्यता आहे. लिस्बन आणि फातिमा या पोर्तुगालमधील तीर्थक्षेत्री आधी चार-पाच दिवस काढणार असाल, तर पोर्तुगालकडे. मुक्कामांचे कोष्टक आधी बनवावे आणि मग अर्ज करावा. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा दोन्हीकडे लागतो.

फातिमाचा उल्लेख केला म्हणून आणखी थोडे लिहितो. वाटेवर सांतियागोकडे नेणारे बाण पिवळे असतात, तर फातिमाकडे जाणारे निळे. पोर्तोच्या उत्तरेला हे निळे बाण आपल्या उलट दिशेने, दक्षिणेकडे बोट दाखवतात. पहाटेच्या अंधारात घाईने पाहिल्यास गोंधळ होऊ शकतो. 13 मे 1917 रोजी तीन मेंढपाळ मुलांना मरियामातेचे प्रथम दर्शन झाले, अशी फातिमाची श्रद्धा आहे आणि त्या दिवसासाठी देशभरातून लोक चकाकणारे अंगरखे घालून रस्त्याच्या कडेने चालत येतात. पोर्तुगीज माणसासाठी पायी यात्रा म्हणजे बहुधा हीच. वारी केलेल्या व्यक्तीला 12 मेच्या रात्री त्या विस्तीर्ण प्रांगणात हजारो मेणबत्त्या एकाच वेळी उंचावलेल्या पाहणे मोलाचे वाटेल, याची मला खात्री आहे. तारखा जुळत असतील, तर आधी फातिमा आणि मग पोर्तो असा क्रम ठेवावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर (सातारा)

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. 12 मेची रात्र फातिमाला काढून 14 मे रोजी पोर्तोहून निघावे, असे आम्ही ठरवीत आहोत. बूट उद्याच पाहावयास जाणार आहे. दोन शंका उरल्या आहेत : मध्यवर्ती मार्गावरील पोंत द लिमा या गावाच्या पुढचा चढ किती अवघड आहे, आणि धर्मशाळेत जागा आधी राखून ठेवावी का?

उत्तर (ठाणे)

त्या चढाचे नाव लाब्रुजा. पोंत द लिमा ते रुबियांइश हे अंतर सुमारे 18 किलोमीटर असून खिंडीची उंची जेमतेम 400 मीटर आहे. दिवेघाट चढलेल्या पायांना उंचीचे भय नाही. फरक एवढाच, की शेवटचे दोन-अडीच किलोमीटर डांबरी रस्ता नसून पावसाने धुपलेली, सुट्या दगडांची पायवाट आहे. ओल्या दिवशी तिथे काठी हवीच. वाटेत पाइनच्या बुंध्यांना चीक गोळा करण्यासाठी पिशव्या बांधलेल्या दिसतात आणि चढाच्या मध्यावर एक दगडी क्रूस लागतो. 1809 मध्ये नेपोलियनच्या सैन्यातील मागे राहिलेल्या फ्रेंच शिपायांना स्थानिक लोकांनी येथे गाठले, असे सांगतात. आज त्या क्रुसाच्या पायथ्याशी यात्रेकरू दगड, छायाचित्रे, चिठ्ठ्या ठेवतात. आम्ही पोहोचलो तेव्हा एक वृद्ध पोर्तुगीज बाई तिथे गुडघे टेकून बसल्या होत्या. उठताना त्यांनी पत्नीच्या हाताचा आधार घेतला, ‘बों कमीन्यु’, म्हणजे ‘वाट शुभ होवो’, म्हणाल्या आणि आमच्याआधी चढून गेल्या. वाटेवर जो तो भेटणाऱ्याला हे दोन शब्द म्हणतो, आणि आपल्याला त्यांची सवय व्हायला वेळ लागणार नाही. वारीतल्या ‘माउली’सारखेच ते आहेत.

पोंत द लिमाला मात्र घाईने सोडू नये. लांबलचक दगडी पुलाच्या एका टोकाच्या कमानी रोमन काळातल्या आहेत आणि धर्मशाळा पूल ओलांडल्यावर लगेच आहे. ही लिमा नदी म्हणजे ओलांडणाऱ्याची स्मृती नाहीशी करणारी ग्रीक पुराणकथांतली लेथे नदी होय, अशी समजूत करून घेऊन रोमन शिपाई पाण्यात उतरेनात. तेव्हा सेनापतीने पलीकडे जाऊन एकेकाला नावाने हाक मारली, अशी कथा आहे. संध्याकाळी नदीकाठी बसून तो पूल पाहावा.

राखीव जागेबद्दल : गावच्या किंवा सरकारी धर्मशाळांत जागा आधी राखता येत नाही, जो आधी येईल त्याला मिळते. खाजगी धर्मशाळांत राखता येते. मे महिन्यात तुईपर्यंत फारशी अडचण येऊ नये, परंतु तुईपासून सांतियागो शंभरच्या थोडे वर किलोमीटर असल्याने असंख्य लोक तिथूनच चालावयास सुरुवात करतात आणि दुपारी दोनपर्यंत खाटा भरू लागतात. ज्या वर्षी 25 जुलै, म्हणजे संत याकोबाचा दिवस, रविवारी येतो, ते पवित्र वर्ष मानतात. 2027 हे तसे वर्ष आहे आणि त्या वर्षी जात असाल, तर तुईच्या पुढचे सर्व मुक्काम निघण्यापूर्वीच राखून ठेवावेत.

आणखी एक. व्हालेंसाच्या किल्ल्यातून उतरून 1886 च्या लोखंडी पुलावरून मिन्यु नदी ओलांडली की पलीकडे तुई, म्हणजे स्पेन. पारपत्र कोणी पाहत नाही. घड्याळ मात्र एक तास पुढे करावे लागते. आम्ही ते विसरलो आणि एक वाजला आहे असे समजून धर्मशाळेच्या दारात उभे राहिलो, तेव्हा आत शेवटच्या दोनच वरच्या खाटा उरल्या होत्या. त्या दिवशी रुबियांइशहून सकाळी सहालाच निघावे.