शंकासुर ‘व्हेरी हिलेरियस’ होतो का?

पेडणे : दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगातल्या (सुरुवातीच्या भागातल्या) शंकासुराच्या सोंगावर इंग्रजीत टिपण लिहायचे आहे. ‘प्रेक्षकांना खळखळून हसवणारा’ यासाठी ‘व्हेरी हिलेरियस’ चालेल? आणि गालातल्या गालात हसण्याला काय म्हणावे?

फोंडा : ‘व्हेरी’ काढा. ‘हिलेरियस’मध्ये ‘अतिशय’ आधीच मुरलेले आहे. आपण ‘फार तुडुंब’ म्हणतो का? जोर हवाच असेल तर ‘ॲब्सोल्यूटली हिलेरियस’. ‘फनी’ला मात्र पायऱ्या आहेत : ‘स्लाइटली फनी’, ‘व्हेरी फनी’, आणि माणसे पोट धरून हसली तर ‘अप्रोरियसली फनी’. गालातल्या गालात हसण्याजोग्या गोष्टीला ‘माइल्डली अम्यूझिंग’. ते शंकासुराला लावू नका, सोंग जेमतेम जमले असा अर्थ निघेल.

मडगाव : ‘हायली अम्यूझिंग’ रुळलेले आहे, ‘हायली फनी’ कानाला खटकते. कारण विचारू नये. आपल्याकडेही हशा पिकतो, हसू पिकत नाही.

‘क्वाइट’ जपून वापरा. ब्रिटिश माणसाचे ‘क्वाइट अम्यूझिंग’ बहुधा ‘तसे बरे’ असते. अमेरिकन तेच शब्द ‘चांगलेच मजेशीर’ अशा अर्थाने वापरतो.

पेडणे : ‘बिम्यूझ्ड’ म्हणजे थोडेसे ‘अम्यूझ्ड’ ना?

फोंडा : नाही. बुचकळ्यात पडलेला. अलीकडे ‘जरा गंमत वाटून कोड्यात पडलेला’ असाही वापर दिसतो, म्हणूनच टाळलेला बरा. वाचक कुठला अर्थ घेईल याचा नेम नाही. ‘नॉट अम्यूझ्ड’ही चकवा आहे. त्यात हसू आले नाही एवढेच नसते, बहुधा माणूस चिडलेला असतो.

मडगाव : ‘रायली अम्यूझ्ड’ राहिले. तिथे हसण्याचे माप नाही, जात कळते : ओठ वाकडा करून, किंचित उपरोधाने हसणे. मापेच हवी असतील तर नाट्यशास्त्रात सहा आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. स्मितात दात दिसत नाहीत. अतिहसितात डोळ्यांत पाणी येते आणि हात कुशींवर जातात. इंग्रजीचे ‘साइड-स्प्लिटिंग’ नेमके त्याच कुशींवरून आले आहे.

पेडणे : मग ‘अप्रोरियसली फनी’ ठेवतो. प्रेक्षक ‘अम्यूझिंग’ होते असेही लिहिले आहे.

फोंडा : तिथे ‘अम्यूझ्ड’ करा. ‘अम्यूझिंग’ शंकासुर, प्रेक्षकांना तो शब्द लावला तर सोंग त्यांनीच घेतल्यासारखे होईल.