आईची अक्कलदाढ आणि गुंगीचं इंजेक्शन

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं; नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

बी-५०१: नमस्कार मंडळी. आईची खालची अक्कलदाढ हाडात आडवी अडकलीय, काढावीच लागणार. वय ६८, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. दाताच्या खुर्चीवर बसली की तिचे हातपाय कापायला लागतात, दोनदा तशीच उठून घरी आली. आता डॉक्टर म्हणतात, शिरेतून गुंगीचं इंजेक्शन देऊन काढू. कोणी घेतलंय का असं? ही पूर्ण भूल असते का?

डी-३०२: दातासाठी एवढं कशाला? माझ्या दोन दाढा साध्या इंजेक्शनवर निघाल्या. अर्ध्या तासात घरी होतो.

सी-२०३: दादा, तुमच्या निघाल्या, चांगलंच झालं. पण काकूंची दाढ आडवी आहे, हाड थोडं कापावं लागेल, आणि भीती काही ठरवून जात नाही. घाबरून बीपी चढलं तर दाढ तशीच राहते नि पू होतो.

@बी-५०१, अगं मी १९ वर्षं रिकव्हरी रूममध्ये नर्स आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ही पूर्ण भूल नसते. हाताच्या शिरेत व्हेनफ्लॉन, म्हणजे बारीक नळी, लावतात आणि त्यातून औषध थोडं थोडं देतात, बहुतेक वेळा मिडाझोलाम. दोन-तीन मिनिटांत डोळे जड होतात, भीती ओसरते. हाक मारली की माणूस ओ देतो, ‘तोंड उघडा’ म्हटलं की उघडतो. नंतर मात्र त्यातलं फारसं आठवत नाही. आणि दात बधिर करायचं इंजेक्शन तरीही द्यावंच लागतं, कारण मिडाझोलामने दुखणं थांबत नाही. हे काकूंना आधी सांग, म्हणजे मध्येच सुई टोचली म्हणून दचकणार नाहीत.

ए-११०४: मी घेतलंय, दोन वर्षांपूर्वी, दाताच्या इम्प्लांटच्या वेळी. मनगटातून वर काहीतरी गार सरकल्यासारखं वाटलं. छतावरच्या दिव्याकडे बघत होतो, आणि पुढचं आठवतं ते थेट रिक्षात. मधला सव्वा तास कोरा. मुलगा सांगतो, तुर्भ्यापासून नेरूळपर्यंत मी त्याला चार वेळा विचारलं, ‘झालं का रे?’ डॉक्टरांनी बोळा अर्धा तास दाबून धरायला सांगितलं होतं म्हणे. मला पत्ताच नाही, मी तो जिन्यातच काढून टाकला. घरी येऊन बधिर ओठ चावला तो वेगळाच.

सी-२०३: काका, बरं झालं सांगितलंत. म्हणूनच सूचना पेशंटला सांगून उपयोग नसतो. त्या कागदावर लिहून घ्यायच्या आणि सोबतच्या माणसाने ऐकायच्या. संमतीपत्रावर सहीसुद्धा औषध देण्याआधी, नीट वाचून.

बी-५०१: ताई, धोका काय असतो? आई तेच विचारतेय.

सी-२०३: धोका श्वासाचा. औषध थोडं जास्त झालं की श्वास उथळ होतो, जीभ मागे पडते. पोटाचं, पायाचं ऑपरेशन असलं की तोंड मोकळं असतं. इथे कामच तोंडात चालतं, तिथेच पाणी, रक्त, कापूस. म्हणून एकच गोष्ट पक्की विचार: दात काढणारे डॉक्टर दात काढत असताना काकूंच्या श्वासाकडे कोण बघणार?

माझ्या सासूबाईंना आम्ही एका दवाखान्यात नेलं होतं. हाच प्रश्न विचारला. उत्तर आलं, ‘मीच बघतो, अनुभव आहे.’ अनुभव असेलही. पण त्यांचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे सासूबाईंच्या तोंडात असणार होते, आणि मॉनिटर होता त्यांच्या पाठीमागे भिंतीला. मी तिथूनच सासूबाईंना घेऊन उठले. पुढे त्यांचं काम दुसरीकडे झालं. तिथे भूलतज्ज्ञ स्वतः डोक्याशी स्टुलावर बसले होते आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. मला तेवढंच हवं होतं.

डी-३०२: वेगळे भूलतज्ज्ञ म्हणजे फी पण वेगळी ना?

सी-२०३: हो, वेगळीच असते, आधी विचारून घ्यावी. पण दादा, तिथे काटकसर करू नये, हे मी मनापासून सांगते.

खोलीत आणखी काय बघायचं तेही लिहिते. बोटाला क्लिप, म्हणजे कोविडमध्ये घरोघरी घेतलेला ऑक्सिमीटर, तोच. बीपीचा पट्टा, ईसीजी, ऑक्सिजनचा सिलिंडर, तोंडातलं पाणी ओढायचं सक्शन. नाकाशी एक बारीक नळी असेल, श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी, तर उत्तम. कारण वरून ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावल्याचं बोटावरच्या क्लिपला उशिरा कळतं, त्या नळीला आधी. मिडाझोलामला उतारा असतो, फ्लुमाझेनिल. तो खोलीत आहे ना, हे विचारायला अजिबात संकोच करू नकोस. आणि तो दिला म्हणून लगेच घरी जायचं नसतं. त्याचा असर आधी ओसरतो आणि गुंगी परत येऊ शकते.

बी-५०१: आणि गोळ्या? आई बीपीची, शुगरची घेते, शिवाय रक्त पातळ ठेवायची इकोस्प्रिन. ती बंद करायची ना?

सी-२०३: स्वतःच्या मनाने एकही बंद करायची नाही! इकोस्प्रिन तर मुळीच नाही. हृदयाचे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर आपसात बोलून ठरवतील. शुगरच्या गोळीचं विचारूनच घे, कारण पोट रिकामं आणि वर गोळी घेतली तर साखर एकदम उतरते. सकाळची पहिली वेळ माग, म्हणजे फार वेळ उपाशी राहावं लागणार नाही. आठवड्यातून एकदा घ्यायचं शुगरचं किंवा वजनाचं इंजेक्शन कोणी घेत असेल तर तेही सांगायचं, त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

रात्रीची झोपेची गोळी चालू असेल तर तीही सांगायची. बायका हे लपवतात, मी रोज बघते. काकू घोरतात का? घोरता घोरता श्वास अडकल्यासारखा होतो का? हे आपण आजार म्हणून धरतच नाही, आणि गुंगीत नेमकं तेच नडतं. वय झालेल्यांना औषध कमी आणि हळूहळू द्यावं लागतं, म्हणून खरं वय, खरं वजन सांगायचं.

ए-११०४: मला आदल्या रात्री ९ नंतर काही खायचं नाही असं सांगितलं होतं.

सी-२०३: साधारण हिशेब असा: हलकं खाणं ६ तास आधीपर्यंत, तळलेलं-तुपकट ८ तास, साधं पाणी २ तास. दुधाचा चहा पाण्यात धरायचा नाही, तो खाण्यातच. काकूंना शुगर आहे म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर तेच खरं. आणि उपास का, तर उलटी झाली आणि फुप्फुसात गेली तर फार वाईट. ‘एक बिस्कीट तर खाल्लं’ असं झालंच तर तसं सांगायचं, काम पुढे ढकललं तरी चालेल.

बी-६०४: तू काळजी करू नकोस, मी काकूंना स्कूटरवर घरी सोडतो.

सी-२०३: दादा, तुमचं मन मोठं आहे, पण स्कूटर नको हं. गुंगीतला माणूस मागे बसला की मान टाकतो, पकड सुटते. पामबीच रोडवर तर नकोच. गाडी किंवा रिक्षा, आणि शेजारी बसून धरणारं माणूस. पुढचे २४ तास काकूंना गॅससमोर उभं करायचं नाही, जिन्यावर एकटीला सोडायचं नाही. बँकेच्या कागदावर सही नाही, फोनवर आलेला ओटीपी कुणाला सांगणं नाही. रात्री कोणीतरी त्यांच्या खोलीत झोपा. कोणी हाक मारूनही जागं होत नसेल, श्वास जड वाटत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही.

बी-५०१: ताई, आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणतेय, ‘स्टुलावर कोण बसणार ते विचार, मग मी येते.’

सी-२०३: शाब्बास काकू. अगं, मन होत नसेल तर दुसरे मार्गही असतात. नाकाने घ्यायचा लाफिंग गॅस, तो लवकर उतरतो, पण आडव्या दाढेला तेवढा पुरेल का ते डॉक्टरच सांगतील. आणि बीपी-शुगर फारच वरखाली असेल तर हे दवाखान्याऐवजी हॉस्पिटलमध्येच केलेलं बरं. नेरूळला डी. वाय. पाटीलचं डेंटल कॉलेज आपल्या जवळच आहे, तिथे एकदा दाखवून बघ.

बी-५०१: आत्ता डॉक्टरांना फोन केला. भूलतज्ज्ञ येणार आहेत म्हणाले, शुक्रवारी आधी येऊन आईला तपासणार. आम्ही शनिवारी सकाळी ८ ला.

ए-११०४: शनिवारी माझी गाडी घ्या, मी रिकामाच आहे. मागे तुम्ही दोघी बसा.

सी-२०३: माझी शनिवारी दुपारची ड्युटी आहे, सकाळी मी येते. अर्ध्या बाह्यांचा ब्लाऊज घालायला सांग, व्हेनफ्लॉन आणि पट्टा लावायला सोपं जातं. आणि काकूंच्या बोटांना नेलपॉलिश आहे, परवा हळदीकुंकवाला बघितलं होतं. शुक्रवारी रात्री आठवणीने काढ, क्लिप चुकीचं दाखवू शकते.