भाच्याला जॉकी करावं का? (माथेरानचा मुलगा, वय १६, वजन ४४ किलो)

नेरळकर

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे. पण इथे रेसकोर्सवर जाणारे, आणि "मी नाही, माझा मित्र जातो" म्हणणारे, बरेच आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतो.

माझी बहीण माथेरानला दिलेली. मेहुण्यांचे दोन घोडे, दस्तुरी नाक्यावरून प्रवासी आणायचे. त्यातली एक घोडी रेसमधून उतरलेली. माथेरानात अशी पुष्कळ आहेत. भाचा दहावी झाला, पुढे शिकायचं मन नाही. पण घोडीवर बसला की ती वेगळीच होते. दिवसभर मान खाली घालून पर्यटक वाहणारी ही बाई संध्याकाळी रिकामी परतताना त्याने लगाम नुसता उचलला तरी कान टवकारते. उन्हाळ्यात एका गृहस्थांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "याला जॉकी करा." ओळखीच्या ट्रेनरचा नंबरही देऊन गेले. तेव्हापासून पोराला दुसरं काही सुचत नाही.

ई-रिक्षा सुरू झाल्यापासून घोड्यांचा धंदा पहिल्यासारखा राहिलेला नाही, त्यामुळे मेहुणे तयार आहेत. बहीण म्हणते, जुगाराच्या अड्ड्यावर पोराला पाठवणार नाही. आणि मी मामा, म्हणून निर्णय माझ्या गळ्यात.

वाचतोय ते असं: चेन्नईचं गिंडी रेसकोर्स सरकारने २०२४ मध्ये सील केलं. त्याच वर्षी सिंगापूरने रेस कायमच्या बंद केल्या. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सची अर्ध्याहून जास्त जागा बागेसाठी गेली. हा धंदा पोराच्या वयाची तिशी येईपर्यंत तरी टिकेल का? आणि "सगळं आधीच ठरलेलं असतं" म्हणतात ते कितपत खरं?

कशाला_भानगड

मामा, आयटीआयला घाला. वायरमन कधी उपाशी मरत नाही. वर त्या मुक्या जनावराला चाबूक मारण्याचं पाप नको.

सातरस्ता

नेरळकर, मी ३१ वर्षं तबेल्यात काढली. आधी सईस (घोड्याची देखभाल करणारा), मग रायडिंग बॉय (सकाळी घोडे फिरवणारा), शेवटची अकरा वर्षं जमादार, म्हणजे सईसांवरचा मुकादम. जॉकी झालो नाही, कारण अठराव्या वर्षी वजन ५८ वर गेलं. तेव्हा पहिला प्रश्न तुम्हालाच: मुलाचे वडील आणि आजोबा किती उंच आहेत? सोळाव्या वर्षी ४४ किलो म्हणजे काहीच कळत नाही. हँडिकॅपमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त आणि कमजोर घोड्यावर कमी वजन देतात त्या रेसमध्ये, खालच्या घोड्याला पन्नासच्या आसपास वजन येतं आणि त्यात खोगीरही धरतात. हाड वाढलं की मग पोरं उपाशी राहतात, प्लॅस्टिकचा कोट घालून उन्हात धावतात, रेसच्या दिवशी पाण्याचा घोटसुद्धा मोजून. मी त्यातून गेलोय.

आता पैशाचं. लोकांना वाटतं रेसकोर्स म्हणजे श्रीमंतांचा पैसा. श्रीमंतांचा पैसा घोडा विकत घेण्यापुरता. रेस चालते ती पंटरच्या, म्हणजे पैसे लावणाऱ्याच्या, पैशावर. तो टोटवर (क्लबच्या खिडकीवर) लावतो, बुकीकडे लावतो, त्यातून क्लबला वाटा मिळतो, त्यातून बक्षीस. मालक दर महिन्याला ट्रेनरला घोड्याचा खर्च देतो, ट्रेनर त्यातून चणा-ओट्स, लसूणघास, नालबंद आणि सईसांचा पगार भागवतो. मालकाचे थकले की ट्रेनरचे थकतात, ट्रेनरचे थकले की आमचे. माझा एकदा दिवाळीचा पगार होळीला झाला. घोड्याचा चारा मात्र एक दिवस चुकला नाही. तो चुकवून चालतच नाही, चणा कमी पडला तर सकाळी ट्रॅकवर दिसतं.

बक्षीस आटलं की मालक दोनऐवजी एकच घोडा ठेवतो. घोडे कमी म्हणजे रेसमध्ये पळणारे कमी, म्हणजे नव्या पोराला माउंट (बसायला घोडा) कमी. मोठ्या जॉकीला घोडे मिळतच राहतात, उपाशी मरतो तो शिकाऊ. आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. बारा घोड्यांची रेस विकत घेणं सोपं नाही. पाच घोड्यांची रेस असली तर दोघांशी बोलणं झालं की काम झालं. म्हणून सगळं ठरलेलं असतं हे खोटं, आणि काहीच ठरत नाही हेही खोटं. स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, फिल्म बघतात, जिंकलेल्या घोड्याची लघवी तपासायला जाते, हात ढिला ठेवलेला जॉकी सापडला तर महिनोन्‌महिने घरी बसतो. पण घोडा ओढणं, म्हणजे मुद्दाम हरवणं, हे सिनेमात दाखवतात तसं लगाम खेचणं नव्हे. सुरुवातीला एक लांबी मागे राहायचं, वळणावर बाहेरून न्यायचा, शेवटच्या फर्लांगात जोर लावल्यासारखं दाखवायचं. ते सिद्ध करणं फार कठीण.

माझ्याबद्दल सांगतो, लपवत नाही. तेव्हा सईस होतो. एका रेसच्या आदल्या रात्री माझ्या हातातल्या घोडीने राशन सोडलं. टोपल्यात अर्धा दाणा तसाच, तोंडही लावलेलं नाही. हे सगळ्यात आधी सईसाला कळतं, डॉक्टरला नंतर. गेटबाहेर चहाच्या टपरीवर एक माणूस नेहमी भेटायचा, नाव कधी सांगितलं नाही. त्याने फक्त एवढंच विचारलं, "खाल्लं का रे?" मी मान हलवली. पाचशे रुपये. दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये (बुकी बसतात तिथे) तिचा दोनचा भाव पाच झाला, म्हणजे तिच्यावर कुणी लावेना, आणि घोडी सहावी आली. मी कुणाला सुई टोचली नव्हती, कुणाला थांबवलं नव्हतं. पण ट्रेनर शहाणा होता. भाव का फुटला हे त्याला दोन दिवसांत कळलं आणि त्याने मला सीझनभर घरी बसवलं. त्या वेळी माझा पगार दोन महिने थकलेला होता. हे सबब म्हणून सांगत नाही. ज्याच्या खिशात काही नाही त्याची किंमत किती लागते ते सांगतोय.

पावती_द्या

सातरस्ता काकांनी तबेल्यातून सांगितलं, मी वहीतून सांगतो. (मी सीए आहे. रेस खेळत नाही, खेळणाऱ्यांची रिटर्नं भरतो.)

घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच म्हटलं आहे. मद्रासच्या क्लबचंच प्रकरण होतं ते. तुमच्या ताईंना हे सांगून काही फरक पडणार नाही, मला माहीत आहे. पण कर लावताना सरकारनेही ते मनावर घेतलेलं नाही. वाद असा होता की जीएसटी क्लबच्या कमिशनवर की लावलेल्या पूर्ण रकमेवर. कर्नाटक उच्च न्यायालय २०२१ मध्ये कमिशनच्या बाजूने गेलं. पुढे कायदाच दुरुस्त झाला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के पक्कं झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते ४० टक्के आहे.

म्हणजे हजार रुपये लावले की चारशे कर, हरलात तरी. जिंकून तेच हजार पुढच्या रेसवर लावले की पुन्हा चारशे. सात रेसमध्ये तेच हजार फिरले तर कर २८०० रुपये. वर मोठं बक्षीस लागलं तर दहा हजारांपुढे ३० टक्के टीडीएस, आणि हरलेल्या पैशांची वजावट त्यातून मिळत नाही. आता सांगा, पावती कोण घेईल? बिनपावतीचा बुकी तोच भाव देतो, कर शून्य. त्याच्याकडे गेलेल्या रुपयातला एक पैसाही बक्षिसात येत नाही. काका म्हणतात तसं बक्षीस आटतं ते इथून. आणि ज्या माणसाचा धंदा कुठेच नोंदलेला नाही, त्याच्या भावाची चौकशी स्टुअर्ड तरी कशी करणार?

लाल_डबा

सीए साहेब, आमचे तीर्थरूप दर रविवारी बायकोला "सभेला जातो" सांगून जायचे. सभेवर जीएसटी नव्हता.

वाळव्याची_सून

मी इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला राहते. नवरा तबेल्यात आहे, आणि इथे भारतातून आलेली मुलं बरीच दिसतात. इथे बुकीच्या नफ्यातून १० टक्के लेव्ही कापून थेट रेसिंगकडे जाते. लावलेल्या रकमेवर नाही, नफ्यावर. परदेशी वेबसाइटवाल्यांनाही २०१७ पासून ती लागू केली. तरी इथलेही मालक बक्षीस कमी म्हणून रडतातच, आणि पहाटे उठणारी माणसं मिळत नाहीत म्हणून ट्रेनर रडतात.

तुमच्या भाच्यासाठी एक गोष्ट. जॉकीच व्हायला हवं असं कुठे आहे? चांगला रायडर जगात कुठेही लागतो. सकाळी घोडा नीट फिरवून आणणारा, पडला तरी पुन्हा चढणारा, खोटं न बोलणारा. नवऱ्याचं वजन ६७ किलो आहे आणि त्याला कुणी नको म्हणत नाही.

नेरळकर

सगळ्यांचे आभार. मेहुणे ५ फूट ४, आजोबा त्याहून बुटके. काका, तुमची ती टोपल्याची गोष्ट बहिणीला वाचून दाखवली. मला वाटलं आता ती ठाम नाही म्हणेल. तर तिने एवढंच विचारलं, "त्या ट्रेनरच्या सईसांचे पगार वेळेवर होतात का, ते विचार." आणि जागेचं काय? महालक्ष्मीच राहिली नाही तर?

सातरस्ता

ताई तबेल्यात असत्या तर जमादार झाल्या असत्या.

जागेचं सांगतो. महालक्ष्मीचा भाडेपट्टा २०१३ ला संपला. त्यानंतर दहा-अकरा वर्षं सगळं लटकलेलं. पट्टा नाही तर पत्रा कोण बदलणार? पावसाळ्यात आमच्या लाइनीत दोन खोल्यांत बादल्या ठेवून झोपायचो, पलीकडे घोड्याच्या ठाणात मात्र गवत कोरडं, कारण ते आम्हीच आळीपाळीने हलवायचो. आता २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेने सेंट्रल पार्कसाठी घेतले, ९१ एकर क्लबकडे २०५३ पर्यंत. निदान तारीख तरी कळली. मैदान राहील असं मला वाटतं. त्यावर पळायला घोडे किती राहतील हे सीए साहेबांच्या आकड्यांवर आहे. तिसाव्या वर्षाची खात्री मी देणार नाही. ती माथेरानच्या घोड्याचीही नाही आणि वायरमनचीही नाही.

आता काय करायचं. रेसच्या दिवशी पोराला आणू नका. त्या दिवशी सगळेच नवरदेव असतात. पुण्याचा सीझन जुलैत सुरू होतो, तेव्हा एम्प्रेस गार्डनशेजारच्या कोर्सवर पहाटे साडेपाचला ट्रॅक वर्क (घोड्यांचा सराव) बघायला घेऊन या. आधी ट्रेनरची परवानगी काढा, नाहीतर गेटवरच थांबाल. तो नंबर दिलाय ना, त्यालाच विचारा. आत गेल्यावर पोराला घोडे बघू द्या, तुम्ही माणसं बघा. सईसांच्या पायात बूट आहेत की चपला? घोडा फिरवून आणल्यावर त्याच्या पायांवर पाणी मारणारा माणूस घाईत आहे की सावकाश? मग ट्रेनरला दोनच प्रश्न: पोराची हासळी (खांद्याजवळचं हाड) मोडली तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, आणि ते कुठे लिहून मिळेल? घोळ घातला तर चहा पिऊन परत या. हासळी मोडणारच, हे धरून चाला. माझी दोनदा मोडली.

आणि त्याला आत्तापासून रिकीब (पाय अडकवायची कडी) आखूड करून बसायची सवय लावू नका. माथेरानच्या लाल मातीत, उतारावर तशी घसरली तर घोडीचेही गुडघे जातील. बसणं इथे शिकवतील. घोड्याचं तोंड हाताला कळणं हे शिकवता येत नाही, ते त्याच्याकडे आहे असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

चाबकाबद्दल वर कुणीतरी लिहिलंय. बरोबर आहे, मलाही तो कधी आवडला नाही. पण चाबूक दिसतो म्हणून त्यावर बोलतात. दुखऱ्या पायाला औषध देऊन पळवलेला घोडा बाहेरून दिसत नाही, तो पुढे कुठेतरी डोंगरावर पर्यटक वाहताना दिसतो.

घोडीचं नाव काय हो? रेसमधलं.

नेरळकर

आम्ही राणी म्हणतो. जुनं नाव मेहुण्यांना माहीत नाही, दलालाकडून घेतली होती. तांबडी आहे, कपाळावर चांदणी, मागचा डावा पाय खुरापासून गुडघ्यापर्यंत पांढरा.

सातरस्ता

मग ती नव्हे. माझीवाली चारही पायांनी काळी होती. राणीच्या पुढच्या पायांवरून रोज रात्री हात फिरवायला सांगा पोराला, गुडघ्याखालच्या नळीच्या मागच्या बाजूने, वरून खाली. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी काढायची नाही, प्रवासी कितीही उभे असोत.