पेंटबॉल मार्करचा वेग चढत नाही: मेन स्प्रिंग बदलू की व्हॉल्व्हची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी डॅलसजवळ असतो. भाड्याच्या मार्करला (पेंटबॉलच्या बंदुकीला) कंटाळून एक सेकंडहँड ब्लोबॅक (झाडल्यावर गॅसच्याच धक्क्याने हॅमर मागे जाऊन पुन्हा सज्ज होणारा मार्कर) घेतलाय. .६८ कॅलिबर, सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड गॅसवर) चालणारा. वेगाचा स्क्रू मागच्या टोकाला आहे, म्हणजे थेट मेन स्प्रिंग (हॅमरला व्हॉल्व्हवर ढकलणारी) दाबणारा.

आमच्या मैदानावर मर्यादा २८० एफपीएसची (फूट प्रति सेकंद). माझा मार्कर स्क्रू पूर्ण आत पिळूनही क्रोनोवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) २५० च्या वर जात नाही. ऊन चढलं की आकडा जरा सुधारतो, भराभर झाडलं की घसरतो. वर मध्येच एकदा ट्रिगर ओढला की तीन-चार गोळ्या धडाधड सुटतात. रेफरीने बाहेर बसवलं, आणि बरोबरच केलं.

आतल्या स्प्रिंगा मूळच्या आहेत का, ते आधीच्या मालकालाही आठवत नाही. मला वाटतं मेन स्प्रिंग ढिली पडली असावी: हॅमर व्हॉल्व्हवर हळू आदळतो, व्हॉल्व्ह लगेच मिटतो, गॅस कमी सुटतो. मग कडक स्प्रिंग टाकू? पण मागे येताना हॅमरला तीच दाबायची आहे. सिअरवर (ट्रिगर ओढेपर्यंत हॅमरला धरून ठेवणाऱ्या कळीवर) तो अडकलाच नाही तर? की व्हॉल्व्हची स्प्रिंग नरम करू?

प्रतिसाद १
आकडा वरखाली होतोय तो सीओटूमुळे. टाकीतला दाब तापमानावर ठरतो, २१ अंश सेल्सिअसला साधारण ८५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). भराभर झाडलं की टाकी गारठते आणि दाब उतरतो. त्यावर कुठलीच स्प्रिंग उपाय नाही. कोणाकडून कंप्रेस्ड एअरची टाकी घेऊन क्रोनो करा. आकडा स्थिर पण कमीच राहिला, तर स्प्रिंगकडे वळा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. धडाधडीसाठी आधी हॅमरची ओ-रिंग (गॅस अडवणारं रबरी कडं) बघा. झिजली असेल तर गॅस बाजूने निसटतो आणि हॅमर सिअरपर्यंत पोचत नाही. सिअरची कड गोल झाली असली तरी हेच होतं. स्प्रिंग मूळ ताणाचीच आणा, कडक नको. जुनी तिच्याशेजारी उभी धरलीत की आखूड झालीय का ते लगेच कळेल. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला तूर्त हात लावू नका. नरम केलीत तर वेग वाढेल, पण मार्कर गॅस पिईल आणि मूळ दुखणं झाकलं जाईल.

उघडण्याआधी टाकी काढून आतला उरलेला गॅस झाडून टाका. आणि नवी स्प्रिंग घातल्यावर स्क्रू बराच बाहेर घेऊनच क्रोनोवर जा, नाहीतर पहिलीच गोळी ३०० ओलांडायची.