मदत हवी आहे: गिऱ्हाईक काचेपर्यंत येतं आणि तिथूनच परत फिरतं

नमस्कार मंडळी,

स्टेशनरी आणि चित्रकलेच्या सामानाचं छोटं दुकान काढून आठ महिने झाले. जे आत येतात ते सहसा काहीतरी घेऊनच जातात, त्यामुळे मालाचा किंवा भावाचा प्रश्न नसावा. घोडं त्याआधीच अडतंय. लोक काचेपाशी थांबतात, डोकावतात, माझ्याशी नजरानजर झाली की उगाच मोबाइल काढून पुढे सटकतात. परवा एक बाई शोकेसमधले ब्रश चांगले तीन-चार मिनिटं न्याहाळत होत्या. मी लगबगीनं दार उघडून "या ना, काय हवंय?" म्हटलं, तर "नाही, सहज" म्हणून निघून गेल्या.

दुकान दहा फूट रुंद, वीस फूट खोल. दारातून पाच फुटांवर आडवा काउंटर, त्यामागे मी, माझ्यामागे सगळा माल. मागितला की काढून देतो, किंमतही विचारली की सांगतो. काचेचं दार एसीमुळे बंद असतं. छताला 6500 केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाच्या, दोन ट्यूब. दारावर तीन पाट्या: विकलेला माल परत घेतला जाणार नाही, सुटे पैसे द्यावेत, हात लावू नये. (टाइप करतानाच कसंतरी झालं.)

घरचे म्हणतात रंग काढ, कुंड्या ठेव, गाणी लाव. खर्चाला तयार आहे, पण सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
कुंड्या राहू द्या. भर दुपारी फुटपाथवरून दुकानाचा फोटो काढून बघा. बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे काचेचा आरसा होतो आणि दुकान बंद वाटतं. शोकेसच्या मालावर थेट प्रकाश टाका. ट्यूब बदलणार असाल तर 4000 केल्विनच्या आसपास घ्या, म्हणजे उजेड ना निळसर ना पिवळा. तुम्ही रंग विकता, फार पिवळ्या उजेडात निळ्या छटा मळकट दिसतील. आणि सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90च्या वर बघून घ्या, नाहीतर दुकानात घेतलेली छटा घरी गेल्यावर वेगळीच निघते.

प्रतिसाद २
उजेडाचं पटलं, पण खरी गोम काउंटरची आहे. दारात पाऊल टाकताच समोर माणूस उभा, म्हणजे आत शिरणं आणि काहीतरी मागणं एकच झालं! ज्याला नुसतं बघायचंय त्यानं कुठे जायचं? काउंटर बाजूच्या भिंतीला लावा, किंवा पार मागे न्या. ब्रश, पेनं हाताशी येऊ द्या, पेन चालवून बघायला एक वही ठेवा. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा. किंमत विचारून मग न घेणं लोकांना फार जड जातं, त्यापेक्षा ते विचारतच नाहीत. आणि "काय हवंय?"ला उत्तर ठरलेलं, "काही नाही". नुसतं "या" म्हणा आणि आपल्या कामाला लागा.

मूळ धागाकर्ता
दोघांचे आभार. फोटोत दुकान दिसतच नाही, समोरची स्कूटर दिसते आणि फोन धरलेला मी. पाट्या त्याच दिवशी काढल्या. काउंटर आता डाव्या भिंतीला आहे. बिलाच्या मशिनचा पॉइंट जुन्या जागी राहिल्यानं वायर लोंबतेय, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत असंच. वहीत लोक सही करून बघतात, बहुतेक सगळे स्वतःचीच.

माणसं आत यायला लागलीत, पण मी गप्प किती वेळ बसायचं? आणि महागडी पेनं उघड्यावर ठेवायची भीती वाटते.

प्रतिसाद २
त्यांनी मालावरून नजर उचलून तुमच्याकडे पाहिलं, की बोला. पेनांचं म्हणाल तर प्रत्येक प्रकारातलं एकच बाहेर, दोरीला बांधून. बाकीची तुमच्या खणात.