एमएस्सी संपली की माझ्या प्लेटा ऑटोक्लेव्हमधे जाणार, त्यातला एक जीव वाचवायचाय

पिलबाग
नमस्कार सगळ्यांना. मी रावेर तालुक्यातली, एमएस्सी मायक्रोबायोलॉजी शेवटचं सेमिस्टर, रोज जळगावला येजा करते. माझा प्रोजेक्ट केळीच्या मुळाजवळच्या मातीतल्या जिवाणूंवर आहे. माती आमच्या काकांच्या मृगबागेतली. काका केळी काढली की कधी कधी त्या रानात हरभरा घेतात आणि हरभऱ्याला मर लागते, झाडं उभ्या उभ्या वाळतात, म्हणून मी ठरवलं की हरभऱ्याच्या मरच्या बुरशीला, म्हणजे फ्युजारियमला, रोखणारं काही या मातीत मिळतं का बघू.

अकरा आयसोलेट, म्हणजे मातीतून वेगळे काढलेले जिवाणू, मिळाले. त्यातला सात नंबर वेगळाच निघाला. कॉलनी पांढरट राखाडी, वरून खडूची भुकटी टाकल्यासारखी, आणि इतकी चिवट की लूपने, म्हणजे तारेच्या फासाने, उचलायला गेलं तर अख्खी बटणासारखी निघते. झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास येतो, खरंच सांगते, आई लॅब बघायला आली होती तर ती म्हणाली हा तर आपल्या अंगणातला वास. एका प्लेटवर एका बाजूला फ्युजारियम आणि दुसऱ्या बाजूला सात नंबर ठेवला, सहाव्या दिवशी फ्युजारियमची गुलाबी कड सातच्या अलीकडे आठ-नऊ मिलिमीटरवर थांबलेली, आणि पंधराव्या दिवशीही तिथेच. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

आता अडचण. मे महिन्यात आमच्याकडचा डीपी जळाला, दोन दिवस लाईट नव्हती, बाहेर ४५ च्या वर तापमान, फ्रीजमधल्या अकरापैकी सात स्लँट (तिरप्या थरावर जिवाणू वाढवलेल्या नळ्या) गेल्या. सात नंबर कसाबसा वाचलाय. आणि व्हायवा झाला की लॅब पुढच्या बॅचसाठी रिकामी करतात, मागच्या वर्षीच्या सिनियर लोकांचं सगळं कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, एका दुपारी ऑटोक्लेव्ह करून, दाबाच्या वाफेत मारून टाकलं, मी स्वतः बघितलंय. गाईडना विचारलं तर म्हणाले मार्क मिळाले ना, विषय संपला. मला नाही वाटत संपला. घरी तर ठेवता येत नाही. कुठे, कसं ठेवू? आणि आपल्यासारख्या गावाकडच्या प्रोजेक्टमधल्या एका जिवाणूचं पुढे खरंच काही होतं का, की मीच उगाच जीव लावून बसलीये?

स्लँटवाले आबा
पोरी, मी धुळे जिल्ह्यात एका सायन्स कॉलेजात ३१ वर्षं लॅब असिस्टंट होतो, आता रिटायर झालोय. जीव लावला ते चांगलं केलं. आधी हे ऐक, फक्त फ्रीजवर विसंबू नको, आपल्याकडची लाईट तुला माहितीये.

मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आण. बाटलीत घेऊन ऑटोक्लेव्ह कर. बाहेर काढल्यावर ते दुधाळ दिसेल, घाबरू नको, पाणी शिरलेलं असतं, हॉट एअर ओव्हनमधे ११० ला तासभर ठेव, काचेसारखं निवळतं. निवळल्याशिवाय वापरायचं नाही. मग सात नंबरची चांगली वाढलेली, वरून भुकटी धरलेली स्लँट घे आणि पॅराफिन ओत, स्लँटच्या वरच्या टोकाच्याही एक सेंटिमीटर वर आलं पाहिजे. टोक उघडं राहिलं तर तिथून सुकत जातं आणि सगळी मेहनत वाया. उभी ठेव, थंड जागी, वर्षानुवर्षं टिकते. माझ्याकडे अशा नळ्या होत्या की ज्यांनी त्या केल्या ती पोरं नोकरीला लागून लग्नं होऊन गेली तरी आत जीव होता.

दुसरं, त्याच बागेतली माती चाळून नळीत भर, लागोपाठ तीन दिवस रोज ऑटोक्लेव्ह कर (एकदा करून भागत नाही, मातीतले बीजाणू चिवट असतात), मग तुझ्या जिवाणूचे बीजाणू पाण्यात घोळून एक मिली त्यात टाक आणि तशीच सुकू दे. भुकटी धरणारी जात आहे म्हणतेस, ती सुक्या मातीत मजेत झोपून राहते. याला ना फ्रीज लागतो ना जनरेटर.

आणि लेबल! पेनाने नाही, पेन्सिलीने. तारीख, कोणतं शेत, किती खोलीची माती, कोणत्या मीडियावर, म्हणजे कोणत्या खाद्यावर, वाढवला. मी शेकडो नळ्या फेकताना पाहिल्यात, त्यातल्या बऱ्याच जिवंत होत्या, पण शाई पुसल्यामुळे आत काय आहे हे कोणालाच सांगता येईना. जिवंत असून मेल्यासारख्याच. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तापीकाठ_ते_पुणे
आबांनी सांगितलेलं सगळं आजच कर ताई, मी बाकीचं सांगतो. मी मूळचा अमळनेरचा, सध्या पुण्यात पीएचडी करून राह्यलो.

वर्णनावरून तरी सात नंबर स्ट्रेप्टोमायसिस वाटतोय. तो पावसाचा वास जिऑस्मिनचा, आणि हेच जिवाणू तो बनवतात. स्ट्रेप्टोमायसिस असेल तर एक गोष्ट आधी पाळ, सारखं सारखं सबकल्चर, म्हणजे जुन्या नळीतून नव्या नळीत वाढवणं, करू नको. यांचं गुणसूत्र बहुतेक जिवाणूंसारखं गोल नसतं, लांब दोरीसारखं असतं, आणि दोरीची टोकं तुटत राहतात, त्यात कधी कधी बुरशी मारायचं काम करणारी जीन्सच निघून जातात. लोक म्हणतात आधी झोन (बुरशी न वाढलेली मोकळी जागा) यायचा, आता येत नाही, काय चुकलं. म्हणून पहिल्या दोन पिढ्यांतलंच कल्चर २० टक्के ग्लिसरॉलमधे भरून ज्यांच्याकडे उणे ८० चा फ्रीजर असेल त्यांच्याकडे ठेवायला दे. विद्यापीठात लाईफ सायन्सेसमधे विचार, विचारायला लाजू नको.

पण खरं घर म्हणजे कल्चर कलेक्शन, जिवंत सूक्ष्मजीवांची बँकच. पुण्यात एनसीएमआर आहे, राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, चंदीगडला १९८६ पासून एमटीसीसी आहे, शेतीच्या उपयोगाचे सूक्ष्मजीव उत्तर प्रदेशात मऊ इथे आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, संस्थेत ठेवतात. बुरशी असती तर आघारकर संस्थेत वेगळं कलेक्शन आहे. तिथे जमा केलं की नंबर मिळतो, मग तुझा सात नंबर कोणाच्या फ्रीजवर अवलंबून राहत नाही आणि दहा वर्षांनी कोणी मागितला तर मिळतो. त्याआधी १६एस सिक्वेन्स, म्हणजे जिवाणू ओळखायची डीएनए तपासणी, करून घे, फॉर्ममधे माती कुठली, कशी काढली सगळं लागतं. हे काम गाईडच्या सहीने होईल म्हणून त्यांच्याशी वाकडं घेऊ नको, भरलेला फॉर्मच समोर ठेव, लोक भरलेल्या फॉर्मवर सही करतात.

आता तुझा दुसरा प्रश्न. २०२५ च्या मार्चमधे नेचर या विज्ञान नियतकालिकात लॅरिओसिडिन नावाच्या नव्या अँटिबायोटिकचा पेपर आला, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातला. तो जिवाणू, पेनीबॅसिलस, सापडला कुठे? लॅबमधल्या एका टेक्निशियनच्या घरामागच्या अंगणातल्या मातीत. आणि त्यांनी केलं काय तर ती माती जवळपास वर्षभर वाढू दिली, म्हणजे घाईत वर येणाऱ्यांच्या गर्दीत जे हळू वाढतात त्यांनाही वेळ मिळावा. वर्षभर कोणीतरी त्या प्लेटा सांभाळल्याच असतील ना.

मला त्याहून जास्त भिडते ती जपानमधल्या क्योको हागिनो यांची गोष्ट. १९९८ मधे अमेरिकेतल्या जोनाथन झेहर यांना पॅसिफिकच्या पाण्यात नायट्रोजन बांधणाऱ्या एका अनोळखी जिवाणूच्या डीएनएचा छोटा तुकडा सापडला, पण नुसता तुकडा. इकडे हागिनो त्याच जिवाणूला पोटात घेऊन जगणारं शेवाळ लॅबमधे वाढवायला धडपडत होत्या, दहा वर्षांहून जास्त काळ, ३०० च्या आसपास वेळा समुद्रावर नमुने घ्यायला गेल्या. शेवटी ते शेवाळ लॅबमधे जगलं, आणि त्यामुळेच २०२४ मधे सायन्स नियतकालिकात सिद्ध करता आलं की तो जिवाणू आता जिवाणू राहिलेलाच नाही, पेशीचा अवयव झालाय, नायट्रोप्लास्ट. हवेतला नायट्रोजन बांधणारा पेशीतला अवयव याआधी कोणी पाहिलाच नव्हता. युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभं राहणाऱ्या आपल्या लोकांना यात काय मोठं आहे ते वेगळं सांगायला नको, पिकांपर्यंत ते यायला मात्र खूप अवकाश आहे. सांगायचं हे की कल्चर जिवंत ठेवणारं कोणी नसतं तर सगळं त्या १९९८ च्या तुकड्यावरच अडलं असतं.

आणि लांब कशाला, आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधे १९६० च्या दशकात तिरुमलाचार यांच्या टीमने तिथल्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून बुरशीवरचं हॅमायसिन काढलं. जातीचं नावच ठेवलं पिंपरिना.

एक सावधानी मात्र. प्लेटवर थांबलेली बुरशी शेतात थांबेलच असं नाही. प्लेटवर खायला भरपूर असतं, मातीत नसतं. हरभऱ्याच्या कुंड्या लाव, निर्जंतुक मातीत आणि साध्या मातीत, दोन्हीत. साध्या मातीत टिकला तर बोलू.

कांदेबाग चोपडा
ताई, मी शेतकरी माणूस, चोपडा तालुक्यात केळी आहे. तुमचं सगळं वाचलं, काही समजलं काही नाही, पण मला एक बोलायचंय ते मनापासून बोलतो. आमच्या बागेतून आतापर्यंत तीन वेळा पोरं माती घेऊन गेली. एकदा मुळं पण नेली. चहा पाजला, खड्डा मी स्वतः खोदून दिला. त्यानंतर एकानेही फोन करून सांगितलं नाही की दादा तुमच्या मातीत हे निघालं. वाईट निघालं असतं तरी चाललं असतं. तुम्ही लोक म्हणता फंड नाही, फ्रीजर नाही, मान्य आहे, पण माती आमची, ती फुकट देतो कारण वाटतं आपल्या पोरांच्या शिक्षणाला लागेल, आपल्या पिकाला कधीतरी लागेल. एक फोन तर कराल?

बाकी तुमचा जिवाणू हरण्यावर चालेल का? २०२० ला आमची नवी लागवड हरण्याने उपटून फेकावी लागली, अजून ते डोळ्यासमोरून जात नाही. आणि ती केळीच्या पनामा मर रोगाची टीआर फोर म्हणतात ती आपल्याकडे आली तर काय करायचं?

तापीकाठ_ते_पुणे
दादा, फोनचं तुम्ही बोललात ते माझ्यावरही लागू आहे. मी एमएस्सीला असताना पारोळ्याच्या एका आजोबांकडून माती आणली होती आणि परत गेलो नाही. या दिवाळीत जाणार.

हरण्या म्हणजे सीएमव्ही, तो व्हायरस आहे, मावा त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. सात नंबर बुरशीला थांबवतो, त्याचा हरण्यावर थेट उपयोग नाही. तिथे मावा आटोक्यात ठेवणं, बागेत आणि बांधाला काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची न लावणं, तण काढणं आणि रोगट रोप दिसलं की लगेच उपटणं हेच. रोपं घेताना व्हायरस तपासलेली आहेत का ते विचारा, लाजू नका.

टीआर४ ही फ्युजारियम, पण हरभऱ्याची नाही, केळीची वेगळी. आपण लावतो ती ग्रँड नैन कॅव्हेंडिश गटातली, आणि टीआर४ कॅव्हेंडिशलाही खाते. भारतात ती बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडली. पूर्वी ग्रो मिशेल नावाची केळी पनामामुळे बाजारातून गेली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. लोकांना वाटायचं त्याच जुन्या बुरशीने नवं रूप घेतलंय, पण २०२४ मधे नेचर मायक्रोबायोलॉजीत आलं की टीआर४ त्या जुन्या वंशातून आलेलीच नाही, तिचा उगम वेगळा आहे आणि झाडाचा बचाव मोडायला ती नायट्रिक ऑक्साईड वापरते. लखनौच्या आयसीएआर संस्थेने ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीपासून फ्युसिकाँट नावाचं औषध काढलंय, ते तिकडच्या बागांत वापरतात. पण ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं पडून राहते, एकदा शिरली की निघत नाही, म्हणून बाहेरच्या राज्यातले कंद आणू नका, आणि भाड्याचा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, आलेल्या माणसांचे बूट, सगळं बागेत शिरायच्या आधी धुवायला लावा. ताई, हे तुलाही. एका बागेतून दुसऱ्या बागेत माती काढायला जाशील तर खुरपं जाळून घे, चपला बदल.

स्लँटवाले आबा
खुरपं आधी धू, माती निघाली पाहिजे, मग स्पिरिट लावून जाळ. मातीसकट जाळलं तर आतलं काही मरत नाही.

पिलबाग
सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

आज पॅराफिन केलं. आबा, अगदी तुम्ही म्हणालात तसं दुधाळ झालं आणि ओव्हनमधे पाऊण तासाने बघते तर निवळलेलं. तीन स्लँट भरल्या, पेन्सिलीने लेबल. मातीच्या नळ्यांचा आज पहिला ऑटोक्लेव्ह झाला. एनसीएमआरचा फॉर्म डाउनलोड करून अर्धा भरलाय, सोमवारी सरांसमोर ठेवते. कुंड्यांसाठी काका हरभऱ्याचं बी देणार आहेत.

चोपड्याचे दादा, तुमचं वाचून मी संध्याकाळी काकांना जाऊन सांगितलं की तुमच्या बागेत असा असा एक जिवाणू आहे, आणि मोबाईलवर प्लेटचा फोटो दाखवला. ते बराच वेळ फोटो मोठा करून बघत बसले. मग विचारलं, हा बागेत नेमका कुठे असतो. मी म्हटलं तुमच्या ठिबकच्या तिसऱ्या लाईनच्या शेवटच्या खोडाजवळची माती होती. तर म्हणाले, तिथे मी दरवर्षी शेणखताचा उरलेला ढीग टाकतो. हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. आता फॉर्ममधे लिहिते. तुमच्या बागेतली माती मिळेल का, धुतलेलं जाळलेलं खुरपं घेऊन येईन, आणि फोन मीच करेन.

कांदेबाग चोपडा
या ताई. सकाळी लवकर या, नंतर ऊन फार होतं. खड्डा मी खोदून ठेवतो. शेणखत कुठे टाकतो ते पण दाखवतो.

स्लँटवाले आबा
खोदून ठेवू नका भाऊ, ती आल्यावरच खोदा. उघडी पडून सुकलेली माती नको.